रक्त घेऊन परत येणाऱ्या कुसुमताई

सकाळी कामशेतच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा कुसुमताईंच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. "मावशी, आई गेली..." पक्षाघाताचा झटका येऊन कुसुमताई तळेगावच्या रुग्णालयात होत्या. पण आदल्याच संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं होतं, माझा हात दाबला होता, आणि घरी येऊन मी सगळ्यांना फोनवर 'आता सुधारतायत' असं सांगून टाकलं होतं. माझा चेहरा बघून भाजीवालीने विचारलं, "काय झालं ओ बाई?" म्हटलं, "कुसुम सिस्टर गेल्या." तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "त्या रगातवाल्या? आवो, त्या आमच्या घरी दोनदा येऊन गेल्यात..." म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एखाद्या बाईला गावोगावची माणसं अशा नावाने ओळखू लागतात आणि त्या नावासाठी रडतात, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आज काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर दुःखाच्या आधी मला अभिमानच आठवतो आहे.

कुसुमताई मूळच्या वडिवळ्याच्या, तिथल्या बौद्धवाडीतल्या. वडिलांचं धरणाच्या अंगाला छोटंसं भातखाचर, बाकी मजुरी. शिक्षकांच्या आग्रहामुळे त्या शिकल्या, पुण्यात परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि सरकारी रुग्णालयांतून काम करत मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. नवरा रेल्वेत होता. प्रज्ञा शाळेत असतानाच तो अचानक गेला. त्यानंतर लोणावळ्यात वलवणला छोटं घर घेऊन मायलेकी राहिल्या. मी कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासर टाकवे बुद्रुकचं. एकाच तालुक्यात आयुष्य घालवूनही आमची गाठ पडली ती दोघी निवृत्त झाल्यावर, करोना ओसरल्यानंतरच्या एका दुपारी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने तालुक्यातले शिक्षक, आशाताई, जुन्या सिस्टर अशा लोकांना बोलावलं होतं. देवयानी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की, माणसाच्या जनुकांवरून कुणाला कोणता आजार होण्याची शक्यता आहे, कुणाला कोणतं औषध लागू पडेल, हे आता शोधता येतं. पण जगभर हे शोधताना ज्यांचं रक्त घेतलं गेलं त्यांत आपली माणसं फार थोडी आणि त्यातही खेड्यातली, कष्टाची माणसं जवळजवळ नाहीतच. शहरातले लोक बोलावलं की येतात, डोंगराकडेच्या वाड्यांमधून कुणी येत नाही. स्वेच्छेने रक्त देणारी माणसं तिथून हवी आहेत, सगळ्या समाजांतली, बायका आणि पुरुष दोन्ही. सभागृहात सगळे माना डोलवत होते. शेवटच्या रांगेतून एक ठसठशीत आवाज आला, "रक्त नेल्यावर परत कोण येणार?" मी वळून पाहिलं. पांढऱ्या केसांची, ताठ बसलेली बाई. डॉक्टरीणबाई जरा गडबडल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्याबरोबर असाल तर येता येईल." कुसुमताई हसल्या. त्यांना ते उत्तर आवडलं असावं. चहाच्या वेळी त्या सरळ माझ्यापाशी आल्या. "बाई, तुम्ही टाकव्याच्या ना? गाडी चालवता येते?" मी नाही म्हटलं. "मग मागे बसा. माझी स्कूटी आहे. तुमचं गाव तुम्ही दाखवा, माझं मी दाखवते." तेव्हापासून त्या मला 'बाई'च म्हणत राहिल्या आणि मी त्यांच्या मागे बसत राहिले.

साठी उलटलेल्या दोन बायका स्कूटीवरून आंदर मावळात आणि नाणे मावळात हिंडतायत, हे बघून लोकांना गंमत वाटायची. कुणी विचारायचं, "विम्याच्या का?" कुणाला वाटायचं, आम्ही बचत गटाच्या. आम्ही ओट्यावर बसायचो, पाणी प्यायचो, मग कुसुमताई बोलायला लागायच्या. जनुक हा शब्द त्या उच्चारायच्याच नाहीत. म्हणायच्या, "तुमी इंद्रायणी भात पेरता ना? बियाण्याची परीक्षा कुटं दुसऱ्याच जिल्ह्यात घेतली आन तुमच्या हितल्या खाचरात पेरायला सांगितलं, तर तुमी काय म्हनाल? आधी हितं पेरून बघा म्हनाल का न्हाई? तसंच औषधाचं बी हाय." मी आयुष्यभर फळ्यावर वाटाण्याच्या झाडांची चित्रं काढून आनुवंशिकता शिकवली, आणि इथे ओट्यावर बसलेली म्हातारी मान डोलवून म्हणायची, "व्हय, ह्ये पटतंय." वडिवळ्याला मात्र हे इतकं सोपं गेलं नाही. स्वतःच्याच गावात त्यांना अडवलं गेलं आणि तिथूनच या सगळ्या कामाला खरं वळण लागलं.

बौद्धवाडीतल्या विहारात माणसं जमली होती. विठ्ठलभाऊ म्हणून एक वयस्क गृहस्थ, कुसुमताईंच्या वडिलांबरोबर काम केलेले, भिंतीला टेकून बसले होते. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "कुसुम, तू आमची लेक. तुला न्हाई म्हनवत न्हाई. पन मागं जे आलते, पोरांचं रगात काढून, बिस्किटाचा पुडा हातावर ठेवून गेलते, त्ये परत आले का? माज्या पोराच्या रगतात काय घावलं, मला कुनी सांगितलं का?" कुसुमताई म्हणाल्या, "न्हाई, भाऊ." "मंग ह्ये तरी येतील कशावरून? आन आमच्याच रगतात काय वेगळं हुडकायचंय?" या दुसऱ्या प्रश्नामागे काय काय आहे, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुसुमताई जागच्या उठल्या आणि विठ्ठलभाऊंच्या समोर खाली बसल्या. "वेगळं काय बी हुडकायचं न्हाई, भाऊ. समद्यांचंच घेनार हायेत. त्यात आपलं ऱ्हाऊ नये म्हनून मी आलीया. औषधं बनवताना आपन मोजनीतच नसलो, तर ती आपल्याला सोसतील का न्हाई, कोन सांगनार? पन तुमच्या पयल्या प्रश्नाचं उत्तर आज माज्यापाशी न्हाई. त्ये घेऊनच येते." आणि त्या दिवशी कुणाच्याही दंडाला हात न लावता आम्ही परतलो.

पुढच्याच आठवड्यात त्या पुण्याला संस्थेत गेल्या. मीही सोबत होते. संस्थेचे प्रमुख चांगले गृहस्थ होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं की, संशोधनात सापडलेली गोष्ट आधी पुन्हा तपासावी लागते, ती रुग्णाला सांगायला प्रशिक्षित माणसं लागतात, आणि प्रत्येकाला निकाल कळवणं या टप्प्यात ठरलेलं नाही. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तुमची अडचण मला कळते. पण मी त्या गावात जन्मले. तुमच्या माणसाला लोक विचारतील, 'साहेब, परत कधी येणार?' मला विचारतील, 'कुसुम, तू पण?'..." गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "ज्याच्यावर इलाज आहे असं काही सापडलं आणि त्या माणसाला ते ऐकायचं असलं, तर ते त्याला त्याच्या घरी जाऊन सांगायचं. एवढं ठरलं की मला बोलवा. तोवर मी घरी आहे." डॉक्टर देवयानी त्यांच्या प्रमुखांकडे बघत म्हणाल्या, "सर, मलाही हेच वाटतं." बाहेर आल्यावर कुसुमताई बसथांब्यापर्यंत भराभर चालत गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, जास्त झालं का?" मी म्हटलं, "नाही." "मग चहा पाजा."

पावसाळा सगळा तसाच गेला. स्कूटी वलवणच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मला वाटलं, संपलं हे. भाताच्या लोंब्या भरायला लागल्या तेव्हा डॉक्टर देवयानी आणि प्रमुख सर स्वतः लोणावळ्याला त्यांच्या घरी आले. इलाज करता येण्यासारखं काही आढळलं तर दुसऱ्यांदा तपासून, ज्याला हवं असेल त्याला डॉक्टरांनी समोर बसून सांगायचं. नको असेल त्याला सांगायचं नाही. कुणाला मधेच बाहेर पडायचं असेल तर पडता येईल. आणि वर्षातून एकदा प्रत्येक गावात जाऊन काम कुठवर आलं ते मराठीत सांगायचं, असं ठरलं होतं. कुसुमताईंनी लगेच स्कूटी काढली नाही. आधी सरांना जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी वडिवळ्याला गेलो, तेव्हा विठ्ठलभाऊ खाचराच्या बांधावर होते. त्यांनी सगळं ऐकलं, हात धुतले आणि बाही वर करत म्हणाले, "आता घे."

पण माझ्या मते कुसुमताईंचं मोठेपण लोकांना हो म्हणायला लावण्यात नव्हतंच. नाही म्हणणाऱ्याला त्या ज्या तऱ्हेने वागवायच्या, तसं मी कुठे पाहिलं नव्हतं. उर्से गावी एका घरी सासूने सुनेला हाक मारली, "ये गं, बस, दे रगात." सून आली, निमूट हात पुढे केला. कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पाणी मागायच्या निमित्ताने तिच्याबरोबर आत गेल्या. "तुला द्यायचंय का?" असं त्यांनी विचारल्यावर ती पोर रडायलाच लागली. सुईची भीती होती की आणखी कशाची, कुणास ठाऊक. बाहेर येऊन कुसुमताई सासूला म्हणाल्या, "मावशी, हिचं ऱ्हाऊ द्या. ज्याचं त्यानं ठरवायचं असतं." सासू जरा फणफणली. आम्ही चहा घेतला आणि निघालो. वाटेत मला म्हणाल्या, "बाई, आयुष्यभर मी दवाखान्यात सह्या घेतल्या. 'कर सही' म्हटलं की माणसं करायची. आता तसं घ्यायचं नाही."

टाकव्याच्या शाळेत शिबिर होतं, तेव्हाची गोष्ट लिहू की नको, असं मला क्षणभर वाटलं. पण त्यांनी ती लपवली नव्हती, तर मी का लपवू? रांगेतला एक माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, आमच्या नळ्या येगळ्या पेटीत ठेवल्या तर बरं हुईल." ते गाव माझ्या सासरचं आणि माणूस आमच्या भावकीतला. मला मान वर करवेना. कुसुमताई नळीवर क्रमांक चिकटवत होत्या, तो त्यांनी नीट चिकटवला आणि म्हणाल्या, "पेटी एकच आहे, भाऊ. बर्फ पण एकच आहे. आज नको असेल तर पुढच्या वेळी या." आवाज चढला नाही, हातही थांबला नाही. तो माणूस निघून गेला, त्याच्यामागे आणखी काहीजण गेले. देवयानी मॅडमचा चेहरा उतरला. "पुढचे या," कुसुमताईंनी हाक दिली, आणि पुढचे आले. तोच गृहस्थ पुढच्या शिबिराला येऊन गुपचूप रांगेत बसला. त्यांनी त्याला कसलीही आठवण करून दिली नाही. "मूठ आवळा," एवढंच म्हणाल्या.

आमच्या घरात अडून बसले होते ते माझे थोरले दीर. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आमच्या घराण्यात पुरुष टिकत नाहीत, असं सगळे म्हणायचे. सासरे चाळिशीत गेले, मधले दीर भात झोडताना छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत, आणि माझे मालकही पन्नाशी गाठायच्या आत तसेच गेले. मागच्या कुठल्या तरी पिढीत कुणाचा तरी तळतळाट लागलाय, असं घरात कुजबुजलं जायचं आणि दर वर्षी त्यासाठी काहीबाही केलं जायचं. माझा मुलगा निखिल तळेगावला कारखान्यात कामाला आहे. त्याची तिशी जवळ येत होती आणि मी रोज मनातल्या मनात वर्षं मोजत होते. पण आबांच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नाही, आणि आबा म्हणायचे, "एकदा का ह्ये बाहेर फुटलं, की सायलीला स्थळ याचं न्हाई." सायली मधल्या दिरांची मुलगी, आबांनीच वाढवलेली. त्यांची भीती खोटी नव्हती. कुसुमताई त्यांना खोटं ठरवायला गेल्याच नाहीत. नळीवर नाव नसतं, निकाल ज्याचा त्यालाच कळतो, एवढं सांगून म्हणाल्या, "आबा, तुमच्या घरातली माणसं का गेली ते मला ठावं न्हाई. डॉक्टरांना बी न्हाई. माजा मालक का गेला, त्ये बी मला अजून कळलं न्हाई. तवा इचारनारं, शोधनारं कुनी नव्हतं. आता हाय, एवढंच सांगाया आले." आबांनी भाताचा विषय काढला. आम्ही आणखी काही वेळा गेलो, तेव्हाही भाताच्या, पावसाच्या गप्पा झाल्या, रक्ताचा विषय त्यांनी काढला नाही.

मग एका शिबिरात मी नोंदणीच्या टेबलाशी बसले होते आणि सहज वर पाहिलं, तर आबा रांगेत. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, मागे निखिल आणि सायली. त्यांच्यापुढे आमच्या वाडीतली मजुरी करणारी माणसं उभी होती. कुणीतरी धावत जाऊन म्हणालं, "आबा, तुमी कशाला उभं ऱ्हाता, पुढं चला." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रांगेतच ऱ्हातो." कुसुमताईंनी ते ऐकलं, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

निकालाला बरेच महिने लागले. डॉक्टर देवयानी कुसुमताईंबरोबर आमच्या टाकव्याच्या घरी आल्या. निखिलला एकट्याला आत नेऊन सांगितलं, मग सायलीला. दोघांनी बाहेर येऊन घरच्यांसमोर सांगा म्हटलं, तेव्हा सगळ्यांना कळलं. आमच्या घरात एक दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाय, त्यामुळे रक्तातली चरबी जन्मापासूनच वाढलेली राहते आणि तरुणपणीच हृदयाच्या नळ्या बुजत जातात. निखिलमध्ये तो आहे, सायलीमध्ये आहे. रोजची गोळी आणि वेळच्या वेळी तपासणी, एवढ्यावर तो आटोक्यात राहतो. आबांमध्ये तो नाही. आबांनी एकवार निखिलकडे, एकवार सायलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे... शाप नव्हता?" कुसुमताई म्हणाल्या, "न्हाई आबा. शाप नव्हता." माझे दीर रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "म्या एकलाच मागं कसा ऱ्हायलो, ह्येचंच मला कोडं हुतं," म्हणाले.

पुढे सायलीला एक स्थळ आलं, त्यांना तिने स्वतःच सगळं सांगितलं, आणि ते मागे फिरले. आबा खचले. कुसुमताई तेव्हा धावत आल्या, सायलीजवळ बसल्या, म्हणाल्या, "मी तुला या भानगडीत आणलं ना गं?" सायली म्हणाली, "मावशी, माझ्या वडिलांना कुणी असं सांगितलं असतं, तर ते आज असते." नंतरच्या स्थळालाही तिने तसंच सांगितलं. मुलगा म्हणाला, गोळी विसरलीस तर मी आठवण करीन. त्या लग्नात वधूपक्षाच्या पहिल्या पंगतीला आबांनी कुसुमताईंना शेजारी बसवून घेतलं होतं. आणि कुसुमताईंच्या स्वतःच्या रक्तात काय निघालं? काहीच नाही. प्रज्ञातही नाही. "बघा बाई," मला म्हणाल्या, "एवढा खटाटोप केला आणि आमच्या मालकांचं कोडं तसंच राहिलं..."

गेल्या हिवाळ्यात वडिवळ्याला वार्षिक सभा झाली. विहारासमोरच्या पटांगणात साऱ्या गावातली माणसं एकत्र बसली होती, हेच आधी नवल. डॉक्टर देवयानींनी काम कुठवर आलं ते सांगितलं. आमच्यासारखी आणखी काही घरं सापडली होती, ती माणसं औषध घेत होती. विठ्ठलभाऊ आता थकलेत, पण उभे राहिले. "परत येतो म्हनून जानारी माणसं म्या लय बघितली," ते म्हणाले, "आमची कुसुम तेवडी परत आली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताई मागे, स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी उभ्या होत्या. तिथून त्यांनी हात जोडले.

अंत्यसंस्काराला लोणावळ्यात इतकी माणसं येतील असं प्रज्ञाला वाटलं नव्हतं. आबा टेम्पो भरून माणसं घेऊन आले. भंतेजी त्रिशरण-पंचशील म्हणत होते. आबांना शब्द येत नव्हते, तरी टोपी काढून, हात जोडून ते शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांच्या शेजारी तो वेगळी पेटी मागणारा गृहस्थही होता.

मागच्या आठवड्यात मी वलवणच्या शिबिराला गेले. माझी पुन्हा एकदा रक्त देण्याची वेळ आली होती. लोणावळ्यात थंडी बरीच होती. खुर्चीवर एक नवी, तरुण सिस्टर होती, दौंडकडची, नुकतीच रुजू झालेली. मी बाही वर केली. तिने सुई हातात घेण्याआधी आपले दोन्ही तळवे एकमेकांवर खूप वेळ चोळले, गालाला लावून पाहिले, आणि मगच माझा दंड धरला. हात ऊबदार होते. कुसुमताई प्रत्येक माणसाच्या आधी अगदी असंच करायच्या. गार हात लागला की माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचं रक्त घेऊ नये, म्हणायच्या. मी तिला विचारलं, "हे कुणी शिकवलं गं तुला?" ती म्हणाली, "कुणी म्हणजे... इथे सगळेच असं करतात, आजी." कुसुमताईंना तिने पाहिलंही नव्हतं. नळी भरत आली. "दुखलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही."